तासावरची सायकल, आता सोसायटीच्या गेटवर

आमच्या गावच्या पेठेत सायकलचं दुकान होतं. दारात पाच-सहा भाड्याच्या सायकली उभ्या असायच्या आणि प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर रंगवलेला असायचा. दुकानदार काका घड्याळात बघून वहीत वेळ लिहायचे, शेजारी नाव आणि नंबर. अनोळखी माणसाला सायकल मिळत नसे. मला मिळायची, कारण ते माझ्या आजोबांना ओळखत होते. सायकल परत नेली की काका आधी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघत, मग ब्रेक, मग घंटी, आणि मगच पैसे घेत. हवा कमी वाटली तर सायकल तिथेच उलटी होऊन ट्यूब पाण्याच्या घमेल्यात जायची.

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या सामायिक सायकली आल्या. २०१८ मध्ये तर पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा चार-चार कंपन्यांच्या रंगीत सायकली शहरात दिसू लागल्या. दीड-दोन वर्षांत त्यातल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. कुलपं फुटली, सीटं गेली, चेन गंजल्या. युलूने पुढे विजेवरच्या छोट्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. मी त्या सायकली मनापासून वापरल्या आहेत, त्यामुळे त्या गेल्याचं वाईट वाटलं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. सामायिक सायकल टिकते ती तिच्याकडे रोज बघणारा माणूस असेल तिथे. जगाचा अनुभवही हेच सांगतो. १९६५ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये काही तरुणांनी पन्नासेक सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता लोकांसाठी रस्त्यावर सोडल्या. बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणं तिथल्या कायद्यात बसत नव्हतं, म्हणून पोलिसांनी त्या उचलल्या. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणं टाकून सायकल घ्यायची सोय केली, पण सायकल कोणी नेली हे कळायची वाट त्यातही नव्हती. २००५ मध्ये लियॉन आणि २००७ मध्ये पॅरिसने कार्डावर नोंद ठेवून सायकली द्यायला सुरुवात केली, आणि ही कल्पना खऱ्या अर्थाने मोठी झाली. वहीत नाव लिहिणाऱ्या काकांना ते आधीपासून माहीत होतं.

महापालिका मोठी योजना आणेल तेव्हा आणेल. तोवर मेट्रो स्टेशनपासून किंवा मोठ्या बसस्टॉपपासून एक ते तीन किलोमीटरवर असलेल्या कुठल्याही सोसायटीला स्वतःचा ताफा उभा करता येतो. आम्ही एकदा चुकलो आणि दुसऱ्यांदा जमवलं. ते कसं, हे क्रमाने सांगतो.

पायरी १: अंतर मोजा, मग माणसं मोजा

गेटपासून स्टेशनच्या जिन्यापर्यंतचं अंतर आधी मोजा. सातशे मीटरच्या आत असेल तर सायकलींच्या फंदात पडू नका. लोक चालतील, आणि चालायला चांगला फूटपाथ मागणं जास्त उपयोगाचं. तीन किलोमीटरच्या पुढे असेल तर उत्साही चार जण येतील, बाकीचे पहिल्या पावसात गळतील. मधल्या पट्ट्यात सायकलला तोड नाही. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो आणि गर्दीतही आरामात बारा किलोमीटर सायकल मारतो. म्हणजे दोन किलोमीटरला दहा मिनिटं, तीही रिक्षाची वाट न बघता.

मग मंगळवार, बुधवार, गुरुवार असे सलग तीन दिवस सकाळी साडेसात ते दहा गेटवर वही घेऊन उभे राहा. सोमवार आणि शुक्रवार सोडा, त्या दिवशी घरून काम करणारे जास्त असतात. किती जण स्टेशनकडे निघाले, कशाने निघाले, किती वाजता, हे लिहा. व्हॉट्सअॅपवर "सायकल वापराल का?" असं विचारू नका. तिथे सगळेच हो म्हणतात. गेटवर थांबवून "उद्या सकाळी ८:१० ला सायकल मिळाली तर रिक्षा सोडाल का?" असं विचारा. उत्तर चेहऱ्यावरच वाचता येतं.

पायरी २: उलट्या दिशेने येणारे शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि पहिल्या खेपेला आम्ही नेमका तोच विसरलो.

समजा रहिवाशांपैकी १५ जण रोज सायकलने स्टेशनला जायला तयार आहेत. सकाळी १५ सायकली जातात, दिवसभर स्टेशनपाशी उन्हात उभ्या राहतात, संध्याकाळी परत येतात. एका सायकलच्या दिवसाला दोनच फेऱ्या. ही सामायिक सायकल झालीच नाही. प्रत्येकाने आपापली घेतली असती तरी हेच झालं असतं.

आता त्याच गेटवर सकाळी आत कोण येतं ते बघा. स्वयंपाकाच्या मावशी, धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई, बाळाला सांभाळणाऱ्या, सफाईचे दादा, दिवसपाळीचे वॉचमन, जवळच्या शाळेतल्या शिपाईमावशी. त्यातल्या कितीतरी जणी बसने किंवा मेट्रोने स्टेशनपर्यंत येतात आणि पुढचे दोन किलोमीटर चालत येतात, कारण रिक्षाचे पैसे परवडत नाहीत. रहिवाशाने आठ वाजता स्टेशनला सोडलेली सायकल साडेआठला मावशी घेऊन आल्या, तर ती गेटवर पुढच्या माणसासाठी हजर. दुपारी एकला मावशी ती परत स्टेशनला नेतात, संध्याकाळी रहिवासी घेऊन येतो.

अशा आठ जणी जोडल्या तर त्याच १५ सायकली २३ माणसांना पुरतात, आणि दिवसाच्या ३० फेऱ्यांऐवजी ४६ होतात. मोठ्या शहरांतल्या योजनांना हेच काम ट्रक लावून करावं लागतं. भरलेल्या तळावरच्या सायकली उचलायच्या आणि रिकाम्या तळावर नेऊन ठेवायच्या, त्यावर पैसा वाहतो. इथे ते काम या बायका त्यांच्या येण्याजाण्यात करून टाकतात. म्हणून माझं ठाम मत आहे की त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. सभेत कोणी "फुकट कशाला?" म्हणालं तर त्यांच्यासमोर वरचा हिशोब मांडा.

पण त्यातल्या बऱ्याच जणींना सायकल येत नसते. लहानपणी कोणी शिकवलेलीच नसते. त्यासाठी चार रविवार काढा. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. दोन्ही पॅडल काढून ठेवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तेव्हा पाना उलट्या बाजूला फिरवा, नाहीतर आटे खराब होतील. आता फक्त पायाने ढकलत पुढे सरकायचं. मागून कॅरियर धरायचं नाही. धरलं की शिकणारी मागे बघते आणि पडते. तासाभरात तोल येतो, मग पॅडल परत लावायचे. आमच्याकडे पन्नाशीच्या एक मावशी तिसऱ्या रविवारी पार्किंगला सलग तीन चकरा मारून आल्या. उतरल्यावर किती तरी वेळ त्या हँडल सोडायला तयार नव्हत्या.

पायरी ३: किती सायकली, किती जागा

वरच्या उदाहरणात १५ सायकली लागतात. त्यात दुरुस्तीला जाणाऱ्या दोन मिळवा, म्हणजे १७. जास्त घेऊ नका. दिवसाला एका सायकलच्या चार ते आठ फेऱ्या व्हाव्यात, असं शहरांच्या योजना आखणारे मानतात. चारच्या खाली गेलं की पैसा वाया जातो, आठच्या वर गेलं की लोकांना सायकल मिळेनाशी होते. सोसायटीच्या ताफ्याला तीन फेऱ्याही पुष्कळ झाल्या.

जागेचं गणित वेगळं आहे. सायकलीपेक्षा उभं करायची जागा दुप्पट लागते, कारण दुपारी सगळ्या सायकली स्टेशनकडे जमतात आणि रात्री सगळ्या गेटवर. दोन्ही टोकांना प्रत्येकी १५ ते १७ सायकली मावल्या पाहिजेत. एका चारचाकीच्या जागेत आठ ते दहा सायकली बसतात, म्हणजे सोसायटीत पाहुण्यांच्या पार्किंगच्या दोन जागा मागायच्या. यावरच सभेत सगळ्यात जास्त आवाज चढतो, त्याची तयारी ठेवा. जागा मात्र गेटजवळचीच घ्या. तळघरात, लिफ्टच्या मागे दिलेली जागा नाकारा. सायकल दिसली नाही तर ती वापरली जात नाही, आणि कोणाच्या नजरेत नसलेली सायकल आपोआप मोडते.

पायरी ४: कोणती सायकल घ्यायची

आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सहा सायकली लोकांनी आनंदाने दान दिल्या. एकीला गिअर, एकीला डिस्क ब्रेक, एक मुलांची, सगळ्यांच्या टायरचे आकार वेगळे. मेकॅनिककाकांना एकीचा भाग दुसरीला लावता येईना. दोन महिन्यांत सहापैकी एक चालू राहिली. दानातल्या सायकली घेऊ नका. नाही म्हणताना थोडं अवघड वाटतं, पण नाही म्हणा.

सगळ्या सायकली एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि लेडीज फ्रेमच्या घ्या. मधला दांडा नसला की साडी, सलवार, ऑफिसची पँट, सगळं चालतं. उंच माणूसही सीट वर करून ती मजेत चालवतो. गिअर नकोत. गिअरची केबल सैल झाली की सायकल आठवडाभर बंद पडते. चेनवर पूर्ण बंद कव्हर, मागच्या चाकाला साडीसाठी जाळी, दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड, दणकट कॅरियर, पुढे टोपली आणि डबल स्टँड एवढं मात्र हवंच. साइड स्टँडवर ओळीने उभ्या केलेल्या सायकली एकीला धक्का लागला की सगळ्या पत्त्यांसारख्या कोसळतात आणि हँडल वाकतात.

सीट पाना न वापरता वरखाली होणारी हवी, पण ती पटकन काढून नेताही येते. म्हणून सीटच्या दांड्याला स्प्रिंगच्या तारेने फ्रेमशी बांधून टाका.

रस्त्यात मोठा चढ असेल तर दोन-तीन विजेच्या सायकलींचा विचार करा. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणीही लागत नाही आणि लायसन्सही. मात्र चार्जिंगची आणि बॅटरीच्या राखणीची जबाबदारी घेणारा माणूस ठरल्याशिवाय त्या आणू नका. सपाट भागात त्यांची गरज नाही.

पायरी ५: स्टेशनकडचं टोक सांभाळणारा माणूस

गेटवर वॉचमन असतो. स्टेशनकडे कोण? पुण्याच्या मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले. बऱ्याच स्टेशनांखाली आजही फूटपाथवर दुचाकींचीच रांग असते. तिथे सायकली बेवारस सोडल्या तर एकतर उचलल्या जातात किंवा मोडतात.

स्टेशनच्या अधिकाऱ्यांना अर्ज जरूर द्या. त्याच वेळी जिन्यापासून शंभर-दीडशे मीटरच्या आत बघा: पंक्चरवाला, इस्त्रीवाले, रसवंती, झेरॉक्सचं दुकान, ज्यांच्यासमोर थोडी खासगी जागा आहे आणि जे सकाळी साडेसातपासून रात्री नऊपर्यंत तिथे असतात. सायकलचं दुकान मिळालं तर सोन्याहून पिवळं. महिन्याचे ठरलेले पैसे द्या, वेळेवर द्या, आणि भिंतीला दोन लोखंडी नळ्या बसवून घ्या, म्हणजे सायकलींना साखळी घालता येईल. फूटपाथ अडवायचा नाही. चालणाऱ्याची वाट अडवून सायकलींसाठी जागा केली, तर त्यात कुणाचंच भलं होत नाही आणि पहिल्याच तक्रारीत सगळं उचललं जाईल.

पायरी ६: पैसे

आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदलतील, पण मांडणी अशी करा. साधी, बऱ्यापैकी सायकल सात हजारांना धरली तर १७ सायकलींचे १ लाख १९ हजार. कुलपं, स्टँड, पंप, पाने, दिवे यांचे ३० हजार. म्हणजे सुरुवातीला दीड लाख. दरमहा मेकॅनिकचे २,५००, सुट्या भागांचे १,५०० आणि स्टेशनकडच्या दुकानदाराचे २,०००, असे ६ हजार. रोजचे १५ धरून १८ रहिवासी सभासदांनी महिना ३५० रुपये दिले तर ६,३०० जमतात. रोज दोनदा रिक्षाने जाणाऱ्याला एका आठवड्याला यापेक्षा थोडेच कमी पैसे लागतात.

दीड लाख स्वेच्छेने उभे करा. ३० घरांनी पाच-पाच हजार दिले की झालं. सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो, आणि एका हिशेबतपासनिसाच्या शेऱ्याने सगळी योजना बंद पडू शकते. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या, त्यात जागा, खातं, जबाबदार तीन नावं आणि योजना बंद पडली तर सायकलींचं काय करायचं हे सगळं लिहा.

सभासदांकडून अनामत घेतली तर ती वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिच्यातला एक रुपयाही खर्चू नका. २०१८ च्या अखेरीस चीनमध्ये ओफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली होती. एवढी मोठी कंपनी त्यात बुडाली. आपल्या सोसायटीत रांग अठराच जणांची असेल, पण त्यातला प्रत्येक जण रोज लिफ्टमध्ये भेटणार.

पेट्रोल किती वाचेल, असं कोणीतरी नक्की विचारेल. खरं सांगा. रोज चार किलोमीटर, महिन्याला शंभर. चांगल्या दुचाकीला त्याला दोन-सव्वादोन लिटर लागतं. हा आकडा डोळे दिपवणारा नाही. खरी बचत होते ती घरातली दुसरी गाडी घ्यावी न लागल्याने, आणि ती दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं.

पायरी ७: कुलूप, नंबर, नोंद

मोबाइलवर उघडणारी महागडी कुलपं घेऊ नका. पावसात त्यातलं सर्किट जातं आणि मग उघडायला कटर लागतो. जाड केबलचं, चार आकड्यांचं कुलूप पुरतं. प्रत्येक सायकलचा आकडा वेगळा ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदला. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर मोठा रंगवा, पेठेतल्या दुकानासारखाच. तो नंबर दुरून वाचता येतो, आणि तसली सायकल चोरून नेली तर विकणंही अवघड जातं.

नोंदीसाठी एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढा. त्यात गप्पा नाहीत, सुप्रभात नाही. "७ घेतली", "७ स्टेशनला लावली", "७ ब्रेक सैल", एवढंच. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी गेटवर आणि दुकानात वही. वॉचमनकाकांना वही लिहायचं काम द्याल तर त्याचे पैसेही द्या. आधीच्या कामावर हे फुकट लादलं तर महिनाभरात वही कोरी दिसेल.

नियम थोडेच ठेवा. सायकल दोनच ठिकाणी लावायची, घरी किंवा ऑफिसात न्यायची नाही. तासापेक्षा जास्त ठेवली तर तासाला वीस रुपये. पॅरिसमध्येही पहिला अर्धा तास मोकळा ठेवून पुढे पैसे वाढवत नेले होते, कारण सायकल उभी राहण्यापेक्षा फिरती राहावी. सोळा वर्षांखालच्या मुलांना नाही. डबलसीट नाही. बिघाड दिसला तर लगेच कळवायचा, कळवणाऱ्याला दंड नाही. हा शेवटचा नियम मोठ्या अक्षरांत लिहा. दंडाच्या भीतीने लोक मोडकी सायकल गुपचूप लावून जातात, आणि पुढचा माणूस उतारावर ब्रेक दाबतो तेव्हा ते उघड होतं.

अपघाताचा विचारही करून ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. सगळ्या सभासदांचे, विशेषतः मावशींचे, अर्ज एका रविवारी बसून भरून द्या.

पायरी ८: देखभाल

इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शनिवार रात्री, सगळ्या सायकली गेटवर असताना मेकॅनिककाकांनी यायचं. फोन केल्यावर नाही, ठरलेल्या दिवशी. मी त्यांच्यासोबत बरेच शनिवार बसलो आहे. एका सायकलला त्यांना चार मिनिटं लागतात. आधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबतात. अंगठा आत जरा जरी गेला तरी हवा भरतात. कमी हवेवर चालवली की ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. मग पुढचं चाक उचलून फिरवतात आणि ब्रेकच्या रबराजवळून रिम कशी जाते ते बघतात. एका बाजूला लचकत असेल तर आउट आला, म्हणजे चाक वाकडं झालं. आऱ्यांची निपलं एकीकडे पाव फेरा आवळून, दुसरीकडे तेवढीच सैल करून तो काढतात. ब्रेक दाबल्यावर लिव्हर आणि मूठ यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. रबरातली खाच दिसेनाशी झाली असेल तर रबर बदलायचं. चेन मध्यावर बोटाने वरखाली केली की साधारण एक सेंटिमीटर हलावी. जास्त हलली तर ती उतरते, अजिबात हलली नाही तर पॅडल जड जातात.

मग ते कान लावतात. पॅडल उलटा फिरवताना करकर आवाज आला तर बेअरिंगचे छर्रे कोरडे पडले आहेत. पुढच्या चाकाच्या चिमट्यात खडखड असेल तर हेडची बेअरिंग सैल आहे. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यांना दहा फुटांवरून येतो.

हवा सारखी कमी होते आणि पंक्चर मात्र सापडत नाही, अशी तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा दोष वॉल ट्यूबचा असतो. व्हॉल्व्हवर चढवलेली ती छोटी रबरी नळी उन्हाने चिरते. दर दोन महिन्यांनी सगळ्या वॉल ट्यूब एकदम बदला. पाच-दहा रुपयांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे सकाळी आठ वाजता एका माणसाची मेट्रो चुकते, आणि तसं दोनदा झालं की तो परत रिक्षाकडे जातो.

कपाटात कायम असावं: चार ट्यूब, दोन टायर, दहा जोड ब्रेक रबर, दोन चेन, ब्रेकच्या केबल, वॉल ट्यूब, सोल्यूशन आणि पॅच, चेनचं तेल, पायाने दाबायचा मोठा पंप. एक पंप स्टेशनच्या टोकालाही ठेवा.

बंद सायकलच्या सीटवर लाल कापड बांधा. लाल कापडाची सायकल दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहता कामा नये. आमच्या वहीत मी हा एकच आकडा रोज बघतो.

पायरी ९: रस्ता

सायकली आणण्याआधीच हा रस्ता तुम्ही स्वतः दोनदा चालवा, एकदा सकाळी नऊला आणि एकदा रात्री आठला. सोबत सायकल नवीन शिकलेल्या एका बाईला घ्या. तिला जिथे उतरावंसं वाटतं ती जागा लिहा. आम्हाला अशा पाच जागा सापडल्या. एका चेंबरच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने होत्या, त्यात चाक अडकलं असतं. एका वळणावर बस वळताना डावीकडे जागाच उरत नव्हती. एका ठिकाणी दिवा बंद होता.

फोटो, जागेची खूण आणि काय हवं ते एका पानावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या. जाळी फिरवणं, दिवा लावणं ही कामं लवकर होतात. मोठ्या कामांसाठी नागरिकांच्या सूचनांचा अर्थसंकल्प आहे. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अशा सूचना मागवते, त्यात सायकल स्टँड किंवा छोटा सायकल मार्ग मागता येतो. "रस्ता सुधारा" असं लिहू नका. "अमुक दुकानासमोर १५ सायकलींचा स्टँड" असं लिहा.

जिथे धोका आहे तिथे गल्लीतून जाणारा लांबचा रस्ता निवडा. तीनशे मीटर जास्त, पण ट्रक नाही. त्या रस्त्याचा नकाशा गेटवर चिकटवा. सगळ्यांनी एकाच रस्त्याने गेलं की आठवड्याभरात तिथल्या रिक्षावाल्यांना आणि दुकानदारांना सायकली दिसायची सवय होते. ही सवय म्हणजे मोठं संरक्षण आहे. दिवे आणि मागे परावर्तक पट्टी सक्तीची. हेल्मेट सायकलला कायद्याने लागत नाही, तरी चार-पाच ठेवा.

पायरी १०: पावसाळा आणि दसरा

जून ते सप्टेंबर वापर निम्म्यावर येतो. घाबरू नका, तसंच गृहीत धरा. पण दोन्ही टोकांना पत्र्याचं छप्पर मे महिन्यातच घाला. प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका, तिच्याखाली ओल कोंडते आणि गंज दुप्पट वेगाने चढतो. पावसात चेनचं तेल आठवड्याला द्यावं लागतं. ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात, हे नवीन शिकलेल्यांना पहिल्याच पावसात सोबत जाऊन दाखवा.

पाऊस संपला की सगळ्या सायकलींचं ओव्हरहॉलिंग, खंडेनवमीच्या आधी. छर्रे काढून, रॉकेलमध्ये धुऊन, नवीन ग्रीस भरायचं. दसऱ्याला गेटवर ओळीने उभ्या करून झेंडूचे हार घालायचे आणि पूजेला मेकॅनिककाकांना, मावशींना, दुकानदाराला बोलवायचं. आमच्याकडे नारळ मेकॅनिककाका फोडतात.

पहिला महिना आणि पहिलं वर्ष

सोमवारी, पाच सायकलींनी सुरू करा. पहिले पंधरा दिवस सकाळी साडेसात ते साडेनऊ जबाबदार तिघांपैकी एकाने स्टेशनच्या टोकाला उभं राहायचं. कोणाला कुलूप उघडत नाही, कोणाला सीट खाली करता येत नाही, हे तिथेच कळतं. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या सहा सायकली आणि महिन्याने उरलेल्या आणा.

दर तीन महिन्यांनी वही उघडून तीन गोष्टी मोजा: एका सायकलच्या दिवसाला किती फेऱ्या होतात, लाल कापडाचे एकूण दिवस किती, आणि सकाळी गेटवर सायकल न मिळाल्याने किती जण परत गेले. तिसरा आकडा वहीत आपोआप येत नाही, तो वॉचमनकाकांना विचारावा लागतो. त्यावरूनच पुढच्या सायकली घ्यायच्या की नाही ते ठरवा. वर्षभराने शेजारची सोसायटी विचारायला येईल. त्यांचे नंबर तुमच्या पुढून सुरू करा, म्हणजे १८ पासून. दोन्हीकडच्या सायकली एकाच दुकानापाशी लागतील, आणि मेकॅनिककाकांना महिन्याचे पैसे दोन्हींकडून मिळू लागले की ते बुधवारीही येतील.